वधूकडची ओळ

सूर्यास्ताला ते दहापैकी सहाच्या वर गुण देत नसत. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर उभं राहून, डोळे बारीक करून ते पश्चिमेकडे बघायचे आणि सूर्य पुरता बुडाला की निकाल सांगायचे. "चार. खालचा जांभळा घाईत लावलाय." एकदा कार्तिकात आभाळ असं काही पेटलं की बंदरावरचे हमालसुद्धा ओझी खाली ठेवून बघत राहिले. मला वाटलं, आज नऊ तरी नक्की. त्यांनी डोळे आणखी बारीक केले. मग म्हणाले, "साडेपाच. बगळ्यांची रांग सरळ होती, तिचा अर्धा वाढवून दिलाय."

ते आमच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर होते. मी तिथं नवा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा माझं वय बावीस, त्यांचं पंचेचाळिशीच्या पुढे. मी संगमेश्वराकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला पहिलाच. रत्नागिरीत ओळखीचं कोणी नव्हतं. मास्तरांच्या घराची पडवी भाड्यानं मिळाली आणि चार वर्षं मी तिथं राहिलो. मधल्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे भाडेकरू आणि मालक असा फरक फार दिवस टिकला नाही.

घराच्या दाराला त्यांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती. एका बाजूला 'मास्तर घरी आहेत', दुसऱ्या बाजूला 'मास्तर आत्ता येतील'. जाता-येता ते न चुकता ती उलटी करत. ती पाटी वाचायला आलेला माणूस मी चार वर्षांत एकदाच पाहिला, आणि तो चुकून आमच्या घरी आला होता. मास्तरांनी त्याला बसवून घेतलं, गूळपाणी दिलं, तो ज्या घराच्या शोधात होता तिथपर्यंत स्वतः पोचवून आले आणि रात्री जेवताना मला त्याच्याबद्दल सगळं सांगितलं.

गावातल्या दुकानांच्या पाट्यांशी त्यांचं वैर होतं. वाकडं अक्षर दिसलं की त्यांना चैन पडत नसे. एकदा एका कापडवाल्याच्या दुकानात शिरून ते म्हणाले, "तुमचा ल लंगडतोय."

"कुठलं लुगडं?" कापडवाल्यानं घाईघाईनं विचारलं.

"लुगडं नव्हे, ल. पाटीवरचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी आणि रंगाचा डबा घेऊन ते गेले आणि फुकट तो ल सरळ करून आले. कापडवाल्यानं आभार मानले नाहीतच, उलट शिडीमुळे गिऱ्हाइकं अडली म्हणून कुरकुरला. मास्तर मात्र पुढे आठवडाभर वाट वाकडी करून त्या रस्त्यानं शाळेत येत होते.

आणि बोट. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून धक्क्यावर येत. मास्तर बाजूला उभे राहून एकेक चेहरा बघत. शेवटचा माणूस ट्रंक उचलून निघून गेला की म्हणत, "चला. आज आपलं कोणी नव्हतं." त्यांचं कोणी येणारच नव्हतं. मुंबईत त्यांचं कोणी नव्हतं आणि रत्नागिरीतही नव्हतं. मला हे ठाऊक होतं, त्यांना तर होतंच. पण 'आज' हा शब्द त्यांनी कधी गाळला नाही.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली होती, तिचं करण्यात चौदा-पंधरा वर्षं गेली. ती गेली तेव्हा हे चाळिशीला टेकले होते. मग कोणी विचारलं नाही आणि यांनीही कोणाला विचारलं नाही.

मी आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी, भाद्रपदात, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरून त्यांचा पाय मोडला. दीड महिना दवाखान्यात होते. मी रोज शाळा सुटली की डबा घेऊन जात असे. एक दिवस गेलो तर उशाशी टांगलेला तापाचा तक्ता त्यांनी काढून मांडीवर घेतला होता.

"हे बघा," ते म्हणाले.

"ताप उतरलाय की."

"ताप नव्हे हो, रेघ बघा. कुठं हात थरथरलाय का? कुठं उचललाय का? आणि हे आकडे. हा आठ बघा. माझ्या हाताखालून हजार मुलं गेली, असा आठ कोणी काढला नाही."

रेघ नर्सबाईंनी काढलेली होती. तेहेतीस-चौतीस वर्षांच्या, उंच, सावळ्या, भरभर चालणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. घाटावरच्या एका अनाथाश्रमात वाढलेल्या. कोणीतरी दाराशी आणून ठेवलेलं मूल. आईबाप, गाव, जात, कशाचाच पत्ता नाही. आडनावसुद्धा आश्रमानं दिलेलं. त्या दोघांचं कसं ठरलं ते मला कधी नीट कळलं नाही. मास्तरांनी सांगितलं ते एवढंच, "मी विचारलं, रेघ कुठं शिकलात? त्या म्हणाल्या, आश्रमात गोधड्या शिवून शिवून. मग मी बाकीचं विचारलं."

वैशाखातला मुहूर्त निघाला. संगमेश्वराकडचे एक म्हातारे भटजी लग्न लावायला तयार झाले. गावातले तिघे आधी हो म्हणाले होते आणि वधूचं गोत्र विचारल्यावर तिघांनाही त्याच दिवशी दुसरीकडे कार्य निघालं होतं. मास्तर छापखान्यात जाऊन पत्रिकांचा भाव विचारून आले. पायाच्या दुखण्यात शिल्लक संपली होती. घरी येऊन त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "छापील अक्षरं नाहीतरी मेलेली असतात. आपण घरी करू."

त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. मुलांच्या चित्रांच्या कागदांच्या कापलेल्या कडा, अर्धवट टाकून दिलेली चित्रं, असं बारा-तेरा वर्षांचं कातरण त्यांनी त्यात जपून ठेवलं होतं. दोन पातळ तुकडे गव्हाच्या पिठाच्या खळीनं एकमेकांना चिकटवायचे आणि चिऱ्याखाली दाबून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डाएवढे कापायचे आणि कवडीनं घोटायचे. घोटून घोटून तो कागद असा काही चमकायचा की हात लावायला भीती वाटावी. पन्नास पत्रिका करायच्या होत्या. काही पांढऱ्या निघाल्या, काही दमट हवेनं पिवळ्या पडलेल्या. मास्तरांनी त्यांच्या दोन थप्प्या केल्या. "पांढऱ्या हेडमास्तर, मामलेदार वगैरेंना. पिवळट आपल्या माणसांना." आपली माणसं कोण, हे मी विचारलं नाही.

भेंडी आडवी कापली की पाचपाकळ्यांचं फूल निघतं. तेच ठसा म्हणून घेतलं. रंग रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाचा. पहिल्या दिवशी रंग कागदात फुटला, फुलांची नुसती डबकी झाली. मास्तर तासभर घरापुढच्या खळ्यात फेऱ्या मारत होते. मग त्यांनी कागदाला तुरटीच्या पाण्याचा हात दिला, आणि दुसऱ्या दिवशी फुलं जागच्या जागी उमटली. काजळी आणि डिंक खलून त्यांनी शाई केली. मी बोरू तासत असे, ते लिहीत. सुट्टीचे दिवस होते. खळ्यात सुंभावर ओल्या पत्रिका वाळत घातलेल्या, समुद्रावरून वारा आला की त्या एकदम हलायच्या आणि आम्ही दोघं दोन टोकांना धावायचो. त्या पंधरा दिवसांत ते एकदाही बोट बघायला गेले नाहीत.

दर रविवारी दुपारी नर्सबाई दवाखान्यातल्या म्हाताऱ्या आयेला सोबत घेऊन यायच्या. कागद घोटायला त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. त्या मला 'भाऊ' म्हणू लागल्या होत्या. "भाऊ, तुमच्या कोपऱ्याला सुरकुती राहिलीय," असं. मला ते आवडायचं.

अडचण मजकुराची होती. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत मास्तर झोकात लिहून गेले. पण पत्रिकेत वर कोणाचा मुलगा हे लागतं, वधू कोणाची मुलगी हे लागतं, आणि खाली बोलावणाऱ्यांची नावं लागतात. वराकडून सही करायला मास्तरांच्या घरात कोणी वडीलधारं उरलं नव्हतं. "चालेल," ते म्हणाले, "वर मीच, वरपिता मीच. रुसून बसायचं झालं तर आळीपाळीनं बसेन." त्यांनी खाली डाव्या बाजूला आपलं नाव लिहिलं. उजव्या बाजूला 'वधूतर्फे' असं लिहून बोरू थांबवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथं तुमचं नाव घालू का?"

मी दुसरा बोरू तासायला घेतला.

"मानलेला भाऊ म्हणून. त्या तुम्हांला भाऊ म्हणतातच. अंतरपाटापाशी त्यांच्या मागे कोणीतरी उभं राहायला हवं. आणि," इथं त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला, "वधूच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. माझा कान पिळणारं कोणी नको का?"

मी हसलो. "वडिलांना विचारायला हवं," मी म्हणालो. "घरी बहिणीच्या लग्नाचं चाललंय. आमच्याकडची माणसं कशी असतात ते तुम्हांला माहीत नाही."

"विचारा की. जरूर विचारा. पत्र टाका."

खरं कारण निराळं होतं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं होतं. टेबलावर शाळेच्या कागदाचा एक तुकडा होता. "हे कातरण शाळेचं, आणि त्याच्या लग्नपत्रिका होतायत म्हणे," ते म्हणाले. "असो. म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार? तुमची गोष्ट वेगळी. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय. आपलं नाव कुठं लिहून येतं ते तरुण माणसानं बघावं." आवाज अगदी मायेचा होता. पडवीत परतेपर्यंत माझं ठरून गेलं होतं, फक्त मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

मी वडिलांना पत्र लिहिलंच नाही. आठ दिवस जाऊ दिले आणि मग एका सकाळी, मास्तर चहा गाळत असताना सांगून टाकलं, "वडिलांचं उत्तर आलं. ते नको म्हणतात."

चहा गाळायचा थांबला नाही. "बरं," ते म्हणाले. "बापाला पोरीची काळजी असणारच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि त्यांनी मला कप भरून दिला.

रविवारी नर्सबाई आल्या. पन्नास पत्रिका खळ्यातल्या चटईवर मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर 'वधूतर्फे'च्या पुढची ओळ मोकळी. मास्तरांनी त्यांना सांगितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही.

"एखादं कै. असं लिहून कोणाचंही नाव घालू," मास्तर म्हणाले. "कोण तपासायला येतंय?"

"नको. मोकळी ओळ निदान खोटी तरी नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि चटईवर बसल्या. "बोरू द्या इकडे. तुम्ही स्वतःच्या लग्नाला स्वतः बोलावताय ना? मग मीही बोलावते."

त्यांनी पन्नास वेळा आपलं नाव लिहिलं. आया वारा घालत होती. नर्सबाई एक पत्रिका पुढे ओढायच्या, नाव लिहायच्या, बाजूला ठेवायच्या. तक्त्यावरची रेघ काढत असतील तशा. पंचविसाव्या की तिसाव्या पत्रिकेला त्या क्षणभर थांबल्या आणि बोटं चोळली. मास्तर म्हणाले, "उरलेल्या मी लिहू?" त्यांनी मान हलवली आणि पुढची ओढली. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तो कोणाला द्यावा हे न कळून हातात धरून उभा राहिलो.

पत्रिका वाटायला मास्तर घरोघर स्वतः गेले. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हातात तबक. सगळीकडे त्यांना बसवून घेतलं गेलं, पत्रिकेचं कौतुक झालं. हेडमास्तरांनी ती उजेडाकडे धरून बघितली आणि "वा, हा तर नमुना आहे" म्हणाले. 'येतो' असं कोणी म्हणालं नाही, 'बघू या' म्हणाले. मास्तर घरी येऊन म्हणाले, "देवापुढे ठेवली ती सोडून एकूणपन्नास घरं, घरटी दोन धरली तरी जवळजवळ शंभर. पानं कमी पडायला नकोत."

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं गावी निघून गेलो. बहिणीला बघायला मंडळी येणार आहेत, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तसं कोणी येणार नव्हतं. निघताना मास्तर हळद लावलेल्या अंगानं दारात आले. "जाऊन या. ते काम आधी. परत आलात की तुमच्या वाटणीचे लाडू आहेतच." मोटार हातखंब्यापर्यंत आली तेव्हा दोनदा वाटलं, उतरावं. उतरलो नाही. गावी जाऊन दोन दिवस नांगराचा फाळ धार लावायला नेणं वगैरे कोणी न सांगितलेली कामं केली.

लग्न कसं झालं ते मला मिरकरवाड्यातल्या मच्छिमार होडीवरच्या एका तांडेलानं सांगितलं. त्याच्या बायकोचं अवघड बाळंतपण नर्सबाईंनी केलं होतं, म्हणून तो बायकोमुलांसह आला होता. बाकी दवाखान्यातली आया, झाडूवाली, बंदरावरचा तिकीटवाला, दोन-तीन जुने विद्यार्थी. सगळी मिळून बारा-तेरा माणसं. भटजींचा आवाज बसलेला होता, म्हणून मंगलाष्टका मास्तरांनी अंतरपाटाआडून स्वतःच म्हटल्या.

"कान पिळायला कोण नव्हता," तांडेल म्हणाला. "मास्तर बोलले, तूच पिळ. मग मी पिळला. चांगला जोरानं पिळला." तो हसला आणि मग थांबून म्हणाला, "तुमी कुठं होतांव? मास्तर सारखे दाराकडं बघत होते."

मी परत आल्यावर मास्तरांनी केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेले लाडू दिले. नर्सबाई आता त्या घरातच होत्या. मला कशाची कमी पडू दिली नाही त्यांनी. एकदा माझा ताप उतरेना तेव्हा तीन दिवस रजा घेऊन पडवीत बसल्या. पण 'भाऊ' म्हणायच्या बंद झाल्या. 'गुरुजी' म्हणू लागल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

माझी नोकरी आषाढात कायम झाली.

माघात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईला गिरणीत होता. वडील लग्नाच्या खरेदीला रत्नागिरीत आले आणि माझ्याकडे उतरले. आमच्याकडे आमंत्रणं तोंडी व्हायची, पण या वेळी मुंबईची मंडळी होती.

"मुंबयच्या मान्सांना पत्रिका होयी म्हनं," वडील मास्तरांना सांगत होते. "छापखान्यात इचारला तर आमाला परवडनारा नाय."

"छापखाना कशाला? मी करतो," मास्तर म्हणाले. "किती हव्यात?"

"चाळीस पुरं."

मास्तरांनी हौसेनं आपली देवापुढे ठेवलेली पत्रिका काढून नमुना म्हणून वडिलांच्या हातात दिली. वडिलांना अक्षरओळख जेमतेम. त्यांनी फुलांवरून बोट फिरवलं, उलटसुलट करून बघितलं. "ह्या कुनाच्या लग्नाची?"

"आमच्याच."

"तुमच्या? कवा झाला?" वडिलांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आमाला कळवलान नाय ह्यानं. मास्तर, तुमी माज्या पोराला घरच्यासारखा ठेवलांव, मी आलो नसतो काय? दोन फणस तरी घेऊन आलो असतो."

मी जमिनीकडे बघत होतो. खोलीत आम्ही चौघंच होतो. नर्सबाई दारात उभ्या होत्या, हातात चहाचे कप होते.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यांचा दोष नाही," ते वडिलांना म्हणाले. "घाईगडबडीत ठरलं. मीच म्हटलं, एवढ्या लांब कशाला कोणाला त्रास द्या. चहा घ्या. बरं, मुलीचं नाव काय म्हणालात? ते मधोमध मोठं घेऊ."

ते आपल्या पत्रिकांसारख्याच निगुतीनं बहिणीच्या पत्रिकांना बसले. मजकूर या वेळी कुठंही अडला नाही. मुलीचे आजोबा होते, वडील होते, दोन काका, मामा. 'वधूतर्फे'खाली नावांना जागा पुरेना. सर्वांत शेवटी माझं नाव होतं, 'वधूचा भाऊ' असं. रंग देता देता मास्तरांचा हात दुखू लागला म्हणून नावांचा तो भाग नर्सबाईंनी लिहिला. चाळीस वेळा. मला ते अक्षर लगेच ओळखू आलं.

पहिली पत्रिका मी त्या दोघांनाच दिली. वाकून नमस्कार केला. मास्तरांनी ती जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि म्हणाले, "येणार म्हणजे काय, येणारच." वडीलही जाताना दोघांना बजावून गेले होते.

लग्नाला ते आले नाहीत. मी परत आल्यावर मास्तर म्हणाले, ऐन वेळी पाय दुखू लागला. मी मान डोलावली. पुढच्या जूनमध्ये मला चिपळुणात नोकरी मिळाली आणि मी पडवी सोडली. वर्षाकाठी एखादं पत्र जाई, त्यांचं उत्तर येई, रेखीव अक्षरात आणि हवापाण्यापलीकडे काही न सांगणारं. दोन-तीनदा रत्नागिरीला काम निघालं तेव्हा मी काम उरकून तसाच परतलो.

पाच-सहा वर्षांनी नर्सबाईंचं कार्ड आलं. मास्तर गेले होते. दिवसपाणी होऊन गेल्यावर त्यांनी कळवलं होतं. मी दुसऱ्या दिवशीची मोटार धरली.

घर तसंच होतं. पडवीत आता एक तार-मास्तर राहत होता. नर्सबाईंचे केस बरेच पिकले होते. त्यांनी मला बसवलं, शेवटच्या आजाराबद्दल सांगितलं, मोजकंच, तक्ता वाचावा तसं. मी बराच वेळ मनात जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "त्या वेळी वडिलांना मी विचारलंच नव्हतं."

"माहीत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावाहून आलेलं टपाल रोज तेच तर हातात घेऊन तुम्हांला द्यायचे. त्या आठवड्यात काही आलंच नव्हतं."

"मग काही बोलले का नाहीत?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर तार-मास्तराच्या मुली लगोऱ्या खेळत होत्या.

"तुमच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही आलो होतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "नवं लुगडं नेसून मोटारीनं संगमेश्वरापर्यंत आलो, तिथून चालत नदीवर. तरवाला होडी घेऊन उभाच होता. मी होडीत पाय ठेवला तर हे मागंच थांबले. म्हणाले, नको. आपण गेलो की तो पोरगा दिवसभर चोरासारखा वावरेल. बहिणीचं लग्न आहे त्याचं, आज त्याला मान वर करून हिंडू दे."

मी चटईची एक काडी उपटत राहिलो.

"मग अलीकडच्याच काठावर बसलो आम्ही. पलीकडून सनई ऐकू येत होती. ती थांबली तेव्हा यांनी अंदाज घेतला आणि मला म्हणाले, आता लागलं असेल. पुडीत अक्षता आणल्या होत्या, त्या तिथूनच टाकल्या. पाण्यातच पडल्या सगळ्या."

"हाक मारायची होती," मी म्हणालो. "नदी अशी कितीशी रुंद आहे! कोणीही ऐकून आलं असतं."

"मारली ना," नर्सबाई म्हणाल्या. "उठून निघालो होतो आम्ही. दहा पावलं आलो, आणि हे एकदम मागं वळले, काठापर्यंत गेले आणि तुमच्या नावानं हाक मारली. एकदाच. पण तेवढ्यात वाजंत्री परत सुरू झाली होती. मग हसले आणि म्हणाले, बरं झालं, नाही गेली ऐकू."